काळी माती आणि विजेचें प्लास्टिक

आजच्या माझ्या भाषणाचा विषय प्रथम ऐकतांना थोडा विचित्र वाटेल. एका बाजूस आपल्या मराठवाड्यांतील काळी माती आणि दुसऱ्या बाजूस उष्णतेपासून वीज निर्माण करणारें आधुनिक प्लास्टिक, या दोहोंचा एकमेकांशीं काय संबंध असावा? परंतु शास्त्राचा इतिहास चाळूं लागलें म्हणजे असे दूरचे आप्त पुष्कळदां एकाच कुळांतले निघतात. ज्या नियमामुळें शेतांत घातलेलें खत पहिल्याच पावसांत वाहून जात नाहीं, त्याच नियमाचा आश्रय करून जपानांतील व इंग्लंडांतील संशोधकांनीं गेल्या कांहीं वर्षांत वीजवाहक प्लास्टिकची एक जुनी अडचण दूर केली. या नियमाला आयन-विनिमय असें नांव आहे. त्याची सुमारें पावणेदोनशें वर्षांची हकीकत आज थोडक्यांत सांगावयाची आहे.

१८४५ च्या सुमारास इंग्लंडांतील जमीनदारांपुढें एक व्यावहारिक प्रश्न उभा होता. खतांतील अमोनिया पाण्यांत सहज विरघळतो. मग पावसाच्या पाण्याबरोबर तो जमिनीच्या पोटांत निघून जाऊन शेतकऱ्याचा पैसा फुकट कां जात नाहीं? यॉर्क परगण्यांतील हॅरी स्टीफन थॉम्पसन नांवाच्या जमीनदारानें, स्पेन्स नांवाच्या एका औषध-विक्रेत्याच्या साहाय्यानें, याचा अगदीं साधा प्रयोग केला. उभ्या नळींत माती भरली, तीवर अमोनियम सल्फेटचें पाणी ओतलें आणि खालीं झिरपलेलें पाणी तपासलें. वरून ओतलेला अमोनिया मातींतच अडकून राहिला होता आणि खालच्या पाण्यांत जिप्सम, म्हणजे चुन्याचें सल्फेट, सांपडलें. ओतलें एक आणि निघालें दुसरें!

ही गोष्ट तेथील रॉयल अॅग्रिकल्चरल सोसायटीचा रसायनतज्ज्ञ जॉन टॉमस वे याच्या कानीं गेली. त्यानें अनेक प्रयोग करून १८५० व १८५२ सालीं आपले निबंध प्रसिद्ध केले. मातीनें जितका अमोनिया घेतला, रासायनिक मापानें तितकाच चुना तिनें परत केला. पोटॅशच्या बाबतींतही तोच प्रकार. आणि हें काम वाळूचें नसून चिकणमातीचें आहे, असें त्याला दिसून आलें. लीबिगसारख्या श्रेष्ठ रसायनशास्त्रज्ञाला वे याचें मत प्रथम पटलें नाहीं. वे यालाही एका बाबतींत चकवा झाला होता. हा व्यवहार एकाच दिशेनें होतो, उलट होत नाहीं, अशी त्याची समजूत होती. १८५८ सालीं आयखहॉर्न या जर्मन शास्त्रज्ञानें तो उलटही फिरवितां येतो हें दाखविलें. देणें आणि घेणें दोन्ही बाजूंनीं चालूं शकतें, हें त्या दिवसापासून निश्चित झालें.

येथें आयन म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे. मीठ पाण्यांत विरघळलें म्हणजे त्याचे दोन प्रकारचे विद्युत्भारित कण सुटे होतात. सोडियमचा धनभारित आणि क्लोरीनचा ऋणभारित. अशा भारित कणांना आयन म्हणतात. आपल्या काळ्या मातींतील चिकणमाती अतिशय सूक्ष्म पापुद्र्यांची बनलेली आहे. या पापुद्र्यांवर मूळचाच ऋणभार असतो, आणि निसर्गाच्या जमाखर्चांत बाकी राहूं देण्याची चाल नाहीं. म्हणून जितका ऋणभार, तितकेच धनभारित आयन त्या पापुद्र्यांस चिकटून बसतात. मात्र तेथें चुन्याचा आयन बसावा कीं पोटॅशचा, कीं सोडियमचा, याविषयीं पापुद्र्याचा फारसा आग्रह नसतो. एकूण भार जुळला म्हणजे झालें. बाहेरच्या पाण्यांत ज्या आयनांची गर्दी अधिक, ते आंत शिरतात आणि आंतले बाहेर पडतात. काळ्या जमिनीची सुपीकता कांहीं अंशीं या देवघेवीवर अवलंबून आहे.

ही देवघेव नेहमींच हिताची असते असें मात्र नाहीं. बागायती भागांत पाणी बेसुमार दिलें आणि निचरा झाला नाहीं, म्हणजे कांहीं ठिकाणीं सोडियमचे आयन चुन्याच्या आयनांना हुसकून त्यांच्या जागीं बसतात. मग मातीचे कण विस्कटतात, पाणी मुरेनासें होतें, आणि शेतकरी कपाळाला हात लावून म्हणतो कीं, जमीन चोपण झाली. यावर कृषितज्ज्ञ सांगतात तो उपाय म्हणजे जिप्सम घालून भरपूर पाण्यानें जमीन धुणें. थॉम्पसनच्या नळींतून जें जिप्सम बाहेर आलें, तेंच येथें आंत घालावयाचें आणि व्यवहार उलटा फिरवावयाचा!

आपल्या भागांत केवळ मातीच नव्हे, तर दगडही ही देवघेव जाणतो. वेरूळचें कैलास लेणें आठव्या शतकांत राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळीं ज्या जातीच्या बेसाल्ट पाषाणांत कोरलें गेलें, तो दख्खनचा पाषाण सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वींच्या लाव्हारसाचा आहे. त्याच्या पोकळ्यांत पांढरे व गुलाबी स्फटिक सांपडतात. विहिरी खणतांना, खाणींत सुरुंग लावतांना ते हातीं येतात. सिन्नर येथील गारगोटी संग्रहालयांत त्यांचे सुंदर नमुने पाहावयास मिळतात. त्यांपैकीं पुष्कळ झिओलाइट जातीचे आहेत. तापविले असतां हे दगड उकळल्यासारखे दिसतात, म्हणून क्रोनस्टेट या स्वीडिश खनिजतज्ज्ञानें १७५६ सालीं त्यांना ‘उकळणारा दगड’ या अर्थाचें हें ग्रीक नांव दिलें. त्यांच्या अंगीं जाळीदार पोकळ्या असून त्यांतील आयन मातीप्रमाणेंच बदलतां येतात.

विसाव्या शतकाच्या आरंभीं जर्मनींत रॉबर्ट गान्स यानें याच जातीचे कृत्रिम पदार्थ वापरून जड पाणी हलकें करण्याची रीत व्यवहारांत आणली. पुढें १९३५ सालीं इंग्लंडांतील अॅडम्स व होम्स यांनीं हें काम कृत्रिम राळेकडून करवून घेतलें. आज आपल्या शहरांत अनेक इमारतींच्या गच्चीवर बोअरवेलचें जड पाणी हलकें करणारी जी टांकी असते, तिच्यांत अशाच राळेचे मणी असतात. ते पाण्यांतील चुना घेतात व सोडियम देतात, आणि थकले म्हणजे मिठाच्या पाण्यानें पुन्हा ताजे होतात. म्हणजे आयन-विनिमय हा मातींतून दगडांत, आणि दगडांतून मानवनिर्मित राळेंत आला. राळ आणि प्लास्टिक हीं सख्खीं भावंडें होत. दोन्ही लांबलचक रेणुसांखळ्यांचीं. अशा पदार्थांस शास्त्रीय परिभाषेंत बहुवारिक म्हणतात. हा धागा येथेंच ठेवून आतां उष्णतेपासून वीज काढण्याच्या प्रश्नाकडे वळूं.

१८२१ सालीं बर्लिन येथें टॉमस योहान सीबेक यानें दोन भिन्न धातूंच्या पट्ट्या टोंकांशीं जोडून एक सांधा तापविला, तों जवळची होकायंत्राची सुई हलली. सीबेकला वाटलें कीं उष्णतेमुळें चुंबकत्व उत्पन्न झालें; वस्तुतः पट्ट्यांतून वीज वाहत होती. १८३४ सालीं पेल्तिये या फ्रेंच गृहस्थानें, जो मूळचा घड्याळजी होता, वीज पाठविली असतां सांधा थंड किंवा ऊन होतो, असें उलट बाजूनें दाखविलें. या युक्तीचा मोठा गुण असा कीं, तींत चाक नाहीं, वाफ नाहीं, हलणारा भागच नाहीं. दुसऱ्या महायुद्धानंतर रशियांत रॉकेलच्या दिव्याच्या कांचेभोंवतीं अशी जोडणी बसवून, विजेचे खांब न पोंचलेल्या खेड्यांत रेडिओ चालविले गेले. नभोवाणीच्या श्रोत्यांस ही गोष्ट विशेष कौतुकाची वाटेल. १९७७ सालीं अवकाशांत सोडलेल्या दोन व्हॉयेजर यानांतही प्लुटोनियमच्या उष्णतेपासून याच रीतीनें वीज मिळविली, आणि सूर्यापासून इतक्या दूर जाऊनही तीं जवळजवळ अर्धें शतक संदेश पाठवीत राहिलीं.

इतका गुणी उपाय घरोघरीं कां आला नाहीं? याचें कारण असें कीं, यासाठीं लागणाऱ्या पदार्थांत तीन गुण एकत्र हवेत. वीज सहज वाहावी. उष्णता सहज वाहूं नये, नाहींतर दोन्ही टोंकें सारखींच तापून बसतात. आणि तापमानांतील प्रत्येक अंशाच्या फरकामागें विजेचा दाब चांगला मिळावा. या तिन्हींवरून शास्त्रज्ञ पदार्थाचा एक गुणांक काढतात. तांबें वीज उत्तम वाहतें, पण उष्णताही तितक्याच उत्साहानें वाहून नेतें. बिस्मथ व तेल्यूरियम यांच्या संयुगाचा गुणांक नेहमींच्या तापमानास सुमारें १ येतो, म्हणून १९५० नंतरच्या दशकांत त्यास प्रतिष्ठा मिळाली. परंतु तेल्यूरियम हें प्लॅटिनमसारखें दुर्मिळ मूलद्रव्य आहे, आणि तें संयुगही ठिसूळ. यासाठींच अनेकांची दृष्टि प्लास्टिककडे गेली. प्लास्टिक स्वभावतःच उष्णतेचें कृपण वाहक आहे, तें शाईसारखें पसरतां येतें, कापडासारखें वांकतें. उणीव एकच, कीं तें वीज वाहत नाहीं.

ही उणीवही कायमची नव्हती. १८६२ सालीं लंडनमध्यें लेथबी यानें अॅनिलीनवर विजेचा प्रयोग करून अंशतः वीज वाहणारा एक निळाकाळा पदार्थ मिळविला होता. १९६३ सालीं ऑस्ट्रेलियांत डॉनल्ड वाईस व त्यांचे सहकारी यांनीं पॉलिपायरोलमध्यें आयोडिनच्या योगानें चांगली वाहकता दाखविली. मौज अशी कीं, याच वाईस यांचें नांव खारें पाणी गोडें करण्यासाठीं आयन-विनिमयी राळ वापरण्याच्या संशोधनांतही घेतलें जातें. पण जगाचें लक्ष वेधलें तें पुढील घटनेनें. १९६७ मध्यें टोकियो येथें हिदेकी शिराकावा यांच्या प्रयोगशाळेंत उत्प्रेरक द्रव्य हजारपट अधिक पडल्यामुळें पॉलिॲसिटिलीनचा चांदीसारखा चकचकीत पापुद्रा तयार झाला. पुढें अमेरिकेंत ॲलन मॅकडायर्मिड व ॲलन हीगर यांच्या सहवासांत शिराकावा यांनीं त्यावर आयोडिनचा प्रयोग केला, आणि त्याची वाहकता लक्षावधि पटींनीं वाढली. १९७७ सालीं हें प्रसिद्ध झालें. २००० सालीं तिघांस रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें.

या विद्येचे धडे आपल्या शहरांतही गिरविले गेले आहेत. १९५८ सालीं स्थापन झालेल्या येथील मराठवाडा विद्यापीठांत, ज्यास १९९४ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचें नांव जोडलें गेलें, प्राध्यापक महेंद्र शिरसाट व त्यांचे सहकारी यांनीं पॉलिअॅनिलीन व पॉलिपायरोल यांसारख्या वाहक बहुवारिकांपासून विषारी वायु ओळखणारे संवेदक बनविण्याचें काम केलें आहे. त्यांचा हेतु उष्णतेपासून वीज हा नसला तरी पदार्थांचें कूळ हेंच.

आतां मूळ अडचण पाहूं. आयोडिनसारखें द्रव्य काय करतें? तें बहुवारिकाच्या सांखळींतून एक इलेक्ट्रॉन हिरावून घेतें. सांखळींत रिकामी जागा उत्पन्न होते आणि ती पुढेंपुढें सरकत वीज वाहूं लागते. पण इलेक्ट्रॉन घेतलेलें तें द्रव्य स्वतः ऋणभारित आयन होऊन बसतें, आणि जमाखर्च जुळावा म्हणून त्याला तेथेंच सांखळीशेजारीं मुक्काम करावा लागतो. म्हणजे एकाच गड्यावर दोन कामें पडतात. दिवसा कापणी करावयाची आणि रात्रीं तेथेंच बसून राखण करावयाची. कापणीस तापट, चपळ गडी हवा. राखणीस शांत आणि स्थिर जागल्या हवा. तापट गड्यास राखणीस बसविलें म्हणजे तो स्वस्थ बसत नाहीं. कधीं घेतलेला इलेक्ट्रॉन परत करतो, कधीं उष्णतेनें निघून जातो, कधीं शेजारच्या सांखळ्यांची नीट घडी विस्कटतो. शिवाय तो ठराविक मर्यादेपुढें इलेक्ट्रॉन घेईनासाच होतो. हीं दोन कामें दोघांना वाटून कशीं द्यावीं, हा प्रश्न वाहक प्लास्टिकच्या क्षेत्रांत फार वर्षें रेंगाळला होता.

२०१९ सालीं टोकियो विद्यापीठांतील यू यामाशिता, शुन वातानाबे, जुन ताकेया व त्यांचे सहकारी यांनीं याचें उत्तर प्रसिद्ध केलें. त्यांनीं बहुवारिकाचा पातळ पापुद्रा केवळ इलेक्ट्रॉन घेणाऱ्या द्रव्याच्या द्रावणांत न बुडवितां, त्या द्रावणांत स्थिर स्वभावाच्या ऋणभारित आयनांचा एक क्षारही विपुल प्रमाणांत मिसळला. पहिल्या द्रव्यानें इलेक्ट्रॉन घेतला आणि तें आयन झालें. तोंच बाहेर गर्दी करून असलेल्या शांत आयनांपैकीं एकानें आंत शिरून त्याची जागा घेतली. कापणी करणारा गेला, जागल्या आला. पहिला गडी सतत बाहेर पडत असल्यामुळें कापणीही पूर्वींच्या मर्यादेपुढें चालूं राहिली, इतकी कीं सांखळीच्या जवळजवळ प्रत्येक दुव्यामागें एक इलेक्ट्रॉन काढतां आला. आणि तो पापुद्रा उष्णतेपुढेंही अधिक टिकाऊ ठरला. थॉम्पसनच्या नळींत अमोनिया आंत गेला आणि चुना बाहेर आला, तसाच हा प्रकार होय. फरक इतकाच कीं, मातींत धनभारित आयन बदलतात, येथें ऋणभारित.

पुढें इंग्लंडांत केंब्रिज येथें इयन जेकब्स, हेनिंग सिरिंगहाउस व त्यांच्या सहकाऱ्यांनीं हेंच काम फेरिक क्लोराइड या स्वस्त, शाळेच्या प्रयोगशाळेंतही आढळणाऱ्या द्रव्यानें करून दाखविलें. निरनिराळ्या आकारांचे आयन एकाच बहुवारिकांत बसवून २०२२ सालीं त्यांनीं आणखी एक निष्कर्ष काढला. आयन भरपूर भरले असतां वाहकता त्यांच्या आकारावर फारशी अवलंबून राहत नाहीं. सांखळ्यांची घडी किती नीटनेटकी राहिली यावर ती ठरते. अशी परीक्षा विनिमयाविना करणें कठीण होतें. कारण पूर्वीं आयन बदलावयाचा म्हणजे इलेक्ट्रॉन घेणारें द्रव्यच बदलावें लागे, आणि मग कोणता परिणाम कोणामुळें झाला हें सांगणें अवघड जाई.

उष्णतेपासून वीज काढण्याच्या दृष्टीनें या संयमाची किंमत मोठी आहे. कारण येथें नुसती वाहकता वाढवून भागत नाहीं. सांखळींत रिकाम्या जागा जसजशा वाढतात, तसतशी वीज अधिक वाहते. पण प्रत्येक अंशामागें मिळणारा दाब उतरत जातो. आमटींतल्या मिठाप्रमाणें येथें नेमकें प्रमाण साधावें लागतें. २०११ सालीं स्वीडनमधील लिंशेपिंग विद्यापीठांत ओल्गा बुब्नोवा, झाव्हिए क्रिस्पॅं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं पेडॉट नांवाच्या बहुवारिकांत असें प्रमाण साधून गुणांक ०.२५ पर्यंत नेला. २०१३ सालीं अमेरिकेंतील मिशिगन येथें त्याच पदार्थांतील निरुपयोगी भाग धुऊन काढून तो ०.४२ झाला, आणि २०२४ सालीं बीजिंगच्या संशोधकांनीं दोन बहुवारिकांचे अत्यंत पातळ थर एकावर एक रचून, सुमारें ९५ अंश सेल्सिअस तापमानास, १.२८ हा आंकडा गांठला. हे तिन्ही मार्ग निरनिराळे आहेत व ते सर्व विनिमयाचे नव्हेत. परंतु ठरविलेलें प्रमाण टिकवून धरावयाचें आणि सांखळ्यांची घडी मोडूं द्यावयाची नाहीं, या दोन गोष्टी प्रत्येक मार्गावर लागतात. आणि त्याच आयन-विनिमयानें साधूं लागल्या आहेत.

आतां सामान्य संसारी माणूस विचारील, कीं यांतून आमच्या विजेचें बिल किती उतरणार? याचें उत्तर प्रामाणिकपणें दिलें पाहिजे. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या अंगांतून सुमारें १०० वॉट उष्णता बाहेर पडते. अंग ३७ अंशांवर आणि खोली २७ अंशांवर असेल, तर सृष्टीच्या नियमानेंच त्या उष्णतेच्या शंभर भागांपैकीं जेमतेम तीन भागांची वीज होऊं शकते. आणि गुणांक १ असलेला पदार्थ घेतला तर अर्धाच भाग हातीं लागेल. म्हणजे साऱ्या अंगाची उष्णता वापरली तरी अर्धा वॉट! यानें घरांतील पंखा फिरणार नाहीं. पण नाडी मोजणारें लहान यंत्र, किंवा बॅटरी बदलणें कठीण अशा जागीं बसविलेला संवेदक, यांना वॉटचा हजारावा भागही पुरतो. आमच्या शहराभोंवतीं चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा येथें कारखाने उभे आहेत. कारखाना कोठलाही असो, त्याच्या नळ्यांतून आणि धुरांड्यांतून शंभर अंशांच्या आंतबाहेरची उष्णता रात्रंदिवस हवेंत जाते, आणि तिला कोणी वाली नाहीं. तिच्यावरून वीजगृह चालणार नाहीं. परंतु नळीस गुंडाळतां येईल असें स्वस्त, लवचिक प्लास्टिक मिळालें, तर निदान त्या नळीवर पाळत ठेवणारें यंत्र तरी तिच्याच उष्णतेवर चालेल. आज प्रयोगशाळेंतील आंकडे आणि बाजारांतील वस्तु यांमध्यें टिकाऊपणाची मोठी दरी आहे. जागल्या वर्षानुवर्षें जागेवर राहील कीं नाहीं, हेंच अजून पाहावयाचें आहे.

माझ्या विद्यार्थ्यांना मी नेहमीं सांगत असें, कीं पुस्तकांतील धड्यांना क्रमांक असतात, पण निसर्गांत शेतकीचा धडा, रसायनाचा धडा आणि विजेचा धडा असे वेगळे केलेले नसतात. खत कोठें जातें, हा एका जमीनदाराचा प्रश्न. त्याचें उत्तर पाणी हलकें करण्यास उपयोगी पडलें, चोपण जमीन सुधारण्यास पडलें, आणि पावणेदोनशें वर्षांनीं विजेच्या प्लास्टिकलाही तेंच उपयोगी पडत आहे. ज्या घरांत विज्ञान शिकणारीं मुलें आहेत, त्यांनीं एका नळींत मूठभर काळी माती भरून थॉम्पसनचा प्रयोग अवश्य करून पाहावा. शाळेंतील अमोनियम सल्फेटचें पातळ पाणी वरून ओतावें, आणि खालीं झिरपणारें पाणी शिक्षकांच्या देखरेखीखालीं अमोनियम ऑक्झलेट घालून तपासावें. पाणी पांढुरकें झालें कीं चुना उतरला म्हणून समजावें. कोरें पाणी ओतून तीच परीक्षा आधीं एकदां करून ठेवावी, म्हणजे तुलना होईल.